पाळीव जनावरांचे स्वादुपिंड : रचना, कार्य आणि आजार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यकाचे विद्यार्थी, दुभती जनावरे सांभाळणारे पशुपालक, कुक्कुटपालक आणि घरी कुत्रे-मांजर असलेली कुटुंबे स्वादुपिंडाविषयी, म्हणजे पाचक रस आणि इन्शुलिन तयार करणाऱ्या पोटातील ग्रंथीविषयी, जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या विषयातला बहुतेक गोंधळ एकाच कारणाने होतो: कुत्र्यावर शिकलेली गोष्ट गाईला, गाईची घोड्याला आणि माणसाची सगळ्यांनाच लावली जाते. म्हणून येथे शक्य तेथे त्या-त्या प्राण्याचे नाव घेऊनच विधान केले आहे आणि वाचकांनीही ते त्याच प्राण्यापुरते खरे मानावे, अशी विनंती आहे.

स्वादुपिंड पोटात नेमके कोठे असते आणि ते कसे दिसते?

जठर संपून लहान आतडे जेथे सुरू होते, त्या वळणाला बिलगून ही ग्रंथी असते. लहान आतड्याच्या या पहिल्या भागाला आद्यांत्र म्हणतात. ग्रंथीचा रंग फिकट गुलाबी ते पिवळसर करडा असतो, पृष्ठभाग बारीक खंडिकांमुळे खडबडीत दिसतो आणि तिच्याभोवती जाड आवरण नसते. आवरण नसल्यामुळेच तिच्या कडा आजूबाजूच्या चरबीत मिसळल्यासारख्या वाटतात आणि शवविच्छेदन नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला धष्टपुष्ट जनावरात ती चटकन ओळखता येत नाही.

ग्रंथीचे मध्यभाग, उजवी पाळी आणि डावी पाळी असे तीन भाग सर्व पाळीव सस्तन प्राण्यांत ओळखता येतात, मात्र त्यांचे परस्परांतील प्रमाण बदलते. कुत्र्यात आणि मांजरात दोन्ही पाळ्या लांब व सडपातळ असून त्या एका टोकाशी जोडलेल्या असतात. उजवी पाळी आद्यांत्राच्या खाली उतरणाऱ्या भागाबरोबर जाते आणि डावी पाळी जठराच्या मागून प्लीहेच्या दिशेने जाते. गाय, शेळी आणि मेंढी यांत उजवी पाळी मोठी असते. घोड्यात ग्रंथी साधारण त्रिकोणी आणि आटोपशीर असून ती पोटाच्या वरच्या भागात, मुख्यतः उजव्या बाजूला असते.

आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी प्रवेशिका शिरा ही ओळखीची आणखी एक खूण आहे. घोड्यात आणि डुकरात ही शिरा ग्रंथीच्या ऊतींनी बनलेल्या कड्यातून आरपार जाते, तर गाईत आणि कुत्र्यात तिच्यासाठी ग्रंथीच्या कडेला केवळ एक खाच असते.

स्वादुपिंडाची नलिका एक असते की दोन? पुस्तकांत वेगवेगळे का लिहिलेले असते?

पुस्तके वेगवेगळ्या प्राण्यांबद्दल बोलत असतात, म्हणून. गर्भावस्थेत स्वादुपिंड आद्यांत्राच्या भिंतीतून निघणाऱ्या दोन अंकुरांपासून तयार होते. त्यांपैकी पाठीकडील अंकुराची नलिका पुढे साहाय्यक नलिका म्हणून ओळखली जाते आणि पोटाकडील अंकुराची नलिका मुख्य नलिका म्हणवली जाते. पोटाकडील अंकुर पित्तनलिकेच्या शेजारीच निघत असल्यामुळे त्याची नलिका पुढेही पित्तनलिकेच्या सोबत राहते. दोन्ही अंकुर एकत्र आल्यावर कोणती नलिका टिकते आणि कोणती लोपते, हे प्रत्येक जातीत वेगळे ठरते.

घोड्यात दोन्ही नलिका टिकतात. मुख्य नलिका पित्तनलिकेबरोबर आतड्याच्या अस्तरावरील मोठ्या उंचवट्यावर उघडते आणि साहाय्यक नलिका समोरच्या भिंतीवरील लहान उंचवट्यावर उघडते. कुत्र्यातही सहसा दोन्ही असतात, पण नावाने साहाय्यक असलेली नलिकाच आकाराने मोठी असते आणि बहुतांश रस तिच्यातून वाहतो. मांजरात याच्या उलट स्थिती असते: मुख्य नलिका पित्तनलिकेला मिळून एकाच तोंडाने उघडते, आणि साहाय्यक नलिका साधारण पाचांपैकी एका मांजरातच आढळते. गाईत आणि डुकरात बहुधा फक्त साहाय्यक नलिका असते. गाईत ती पित्तनलिकेच्या तोंडापासून सुमारे 30 सेंटीमीटर पुढे आतड्यात शिरते. शेळी व मेंढी गाईसारखीच रवंथ करत असल्या, तरी त्यांच्यात मुख्य नलिका टिकते आणि ती पित्तनलिकेलाच जाऊन मिळते.

हा तपशील निव्वळ पाठांतराचा समजू नये. मांजरात पित्त आणि स्वादुरस (स्वादुपिंडाचा पाचक रस) यांची वाट एकच असल्यामुळे आतडे, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी दाह असणे ही परिचित स्थिती आहे, आणि म्हणून कावीळ झालेल्या मांजरात पशुवैद्य स्वादुपिंडही तपासतो. कुत्र्याच्या आद्यांत्रावर शस्त्रक्रिया करताना साहाय्यक नलिका जेथे उघडते त्या लहान उंचवट्याकडे दुर्लक्ष झाले, तर रसाची मोठी वाटच बंद होण्याचा धोका असतो. शिवाय कुत्र्यात उजव्या पाळीचा आणि आद्यांत्राचा रक्तपुरवठा बराचसा समाईक असतो, त्यामुळे ती पाळी पूर्ण काढणे म्हणजे शेजारच्या आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात घालणे ठरू शकते.

ही एकच ग्रंथी दोन वेगळी कामे कशी करते?

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ग्रंथीचा फार मोठा भाग रसस्रावी पेशींच्या गुच्छांनी भरलेला दिसतो. या पेशींच्या टोकाला विकरांचे (अन्न तोडणाऱ्या प्रथिनांचे) कण साठलेले असतात आणि ते नलिकांवाटे आतड्यात उतरतात. या गुच्छांच्या मधे फिकट रंगाच्या पेशींची बेटे विखुरलेली असतात. पॉल लांगरहान्स याने 1869 मध्ये त्यांचे वर्णन केले आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जातात. ही बेटे संपूर्ण ग्रंथीच्या एक-दोन टक्केच असतात, त्यांना नलिका नसते आणि त्यांची संप्रेरके थेट रक्तात मिसळतात. बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात, अल्फा पेशी रक्तशर्करा वाढवणारे ग्लुकागॉन, तर डेल्टा पेशी या दोन्हींना आवर घालणारे सोमॅटोस्टॅटिन तयार करतात. पेशींची मांडणीही सर्वत्र सारखी नाही: घोड्याच्या बेटांत अल्फा पेशी मध्यभागी आणि बीटा पेशी कडेला असतात.

बेटांतून निघणारे रक्त बऱ्याच अंशी शेजारच्या रसस्रावी पेशींकडे जाते आणि त्यामुळे इन्शुलिनचा परिणाम त्यांच्यावरही होतो. दोन्ही भाग एका ग्रंथीत नांदतात, ते असे एकमेकांशी बांधलेले आहेत.

स्वादुरसात काय असते, आणि तो ग्रंथीलाच का पचवत नाही?

रसात पाणी, बायकार्बोनेट आणि विकरे असतात. बायकार्बोनेट नलिकांच्या अस्तरातील पेशींकडून येते आणि ते जठरातून आलेल्या आम्लाचा प्रभाव कमी करते. अमायलेज पिष्टावर काम करते, लायपेज चरबीवर, ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन व त्यांची भावंडे प्रथिनांवर, तर न्यूक्लिएज विकरे केंद्रकाम्लांवर (डीएनए, आरएनए) काम करतात.

अमायलेज आणि लायपेज तयार स्वरूपातच स्रवतात, परंतु प्रथिने तोडणारी विकरे निष्क्रिय रूपात बाहेर पडतात. ट्रिप्सिनोजेन आतड्यात पोहोचल्यावर आतड्याच्या अस्तरातील एंटेरोकायनेज त्याचे ट्रिप्सिनमध्ये रूपांतर करते, आणि मग हे ट्रिप्सिन बाकीच्या निष्क्रिय विकरांना जागे करते. ग्रंथीच्या आत चुकून थोडे ट्रिप्सिन तयार झालेच, तर त्याला तेथेच बांधून ठेवणारा निरोधकही पेशींत असतो. ही संरक्षक साखळी तुटली, की ग्रंथी स्वतःचेच ऊतक पचवू लागते. कुत्र्यातील तीव्र स्वादुपिंडदाहाची सुरुवात अशीच होते.

रस स्रवण्याची आज्ञा कोण देते?

काही अंशी मज्जासंस्था आणि काही अंशी संप्रेरके. अन्न दिसताच, त्याचा वास येताच किंवा ते चघळताच मेंदूकडून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत पहिला स्राव सुरू होतो. इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरील अभ्यासातून ही बाब पुढे आली आणि पचनक्रियेवरील त्यांच्या कामाला 1904 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर आम्लयुक्त अन्न आद्यांत्रात उतरले, की तेथील अस्तरातून सिक्रेटिन रक्तात मिसळते आणि ते पातळ, बायकार्बोनेटयुक्त रस सोडायला लावते. चरबी व प्रथिनांचे तुकडे आतड्यात आले, की कोलेसिस्टोकायनिन स्रवते आणि विकरांनी समृद्ध असा रस येतो. पित्ताशय आकुंचन पावते तेही त्याच्यामुळेच. सिक्रेटिनचा शोध विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1902 मध्ये कुत्र्यावरील प्रयोगातून लावला.

हे क्रमवार चित्र ठरावीक वेळी पोटभर खाणाऱ्या प्राण्याचे आहे. गाय, शेळी, मेंढी यांच्या कोटीपोटातून (जठराच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातून) खाद्य दिवसभर थोडे-थोडे पुढे सरकत असते, त्यामुळे त्यांचा स्वादुरसही सतत स्रवतो आणि खाण्याच्या वेळी त्यात चढउतार तेवढे होतात. घोडाही नैसर्गिक स्थितीत दिवसाचा बराच काळ चरतो आणि त्याचाही स्राव अखंड चालतो. या दोन्हींना कुत्र्याचे हे चित्र लावून उपयोग नाही.

गाईला मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा कितीही दिला, तरी स्वादुपिंड तो पचवू शकेल का?

नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत बहुतेक पिष्ट कोटीपोटातील सूक्ष्मजीवच आंबवून टाकतात आणि लहान आतड्यापर्यंत त्याचा थोडाच भाग पोहोचतो. तेथे पोहोचलेल्या पिष्टाचे पचन मर्यादितच असते आणि अमायलेजची अपुरी मात्रा हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. स्वादुरसातील बायकार्बोनेटही कुत्र्याच्या तुलनेने कमी असल्यामुळे गाईच्या लहान आतड्याचा बराच लांबचा भाग आम्लधर्मी राहतो. अर्थात, भरड्याच्या अतिरेकाने होणारे सगळ्यात तातडीचे नुकसान आधीच, म्हणजे कोटीपोटात आम्लता वाढून होते.

येथे एका गैरसमजाबद्दल सांगायला हवे. शेणात मक्याचे अखंड दाणे दिसले, की काही पशुपालक “गाईचे स्वादुपिंड बिघडले” अशी शंका घेऊन औषध मागतात. अखंड दाण्याचे टरफल न फुटल्यामुळे सूक्ष्मजीव व विकरे आतल्या पिष्टापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि त्यावर उपाय दाणा भरडून देणे हाच आहे.

एका बाबतीत मात्र गाईचे स्वादुपिंड इतर अनेक प्राण्यांच्या पुढे आहे. कोटीपोटातून रोज प्रचंड संख्येने सूक्ष्मजीव आतड्यात उतरतात आणि त्यांच्याबरोबर भरपूर केंद्रकाम्लेही येतात. ती तोडण्यासाठी गाईच्या स्वादुरसात रायबोन्यूक्लिएज मोठ्या प्रमाणात असते. ते विपुल व शुद्ध करण्यास सोपे असल्यामुळे जीवरसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सखोल अभ्यास केला, आणि प्रथिनांची घडी कशी पडते याचे मूलभूत ज्ञान त्यातून मिळाले. ख्रिश्चन अँफिन्सेन, स्टॅनफर्ड मूर आणि विल्यम स्टाइन यांना 1972 मध्ये या विकरावरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

घोड्याला एकाच वेळी भरपूर धान्य का देऊ नये?

घोड्याचा स्वादुरस प्रमाणाने भरपूर असला, तरी त्यात विकरे विरळ असतात आणि अमायलेज तर कमीच. लहान आतड्यात न पचलेले पिष्ट अंधनालात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) आणि मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथे वेगाने आंबते, आणि पोटशूळ किंवा खुराच्या आतील ऊतींचा दाह उद्भवू शकतो. म्हणून एका वेळच्या खाद्यातील पिष्ट शरीराच्या दर किलो वजनामागे 1 ते 2 ग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा सर्वसाधारण नियम पाळला जातो आणि धान्य विभागून दिले जाते.

आमचा कुत्रा भाकरी आणि भात खातो. मांसाहारी प्राण्याच्या स्वादुपिंडाला ते झेपते का?

शिजवलेले असेल तर बऱ्यापैकी झेपते. कुत्र्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नसते, त्यामुळे पिष्टपचनाचा सगळा भार स्वादुपिंडावर पडतो. लांडग्यात स्वादुपिंडाच्या अमायलेजच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर बहुसंख्य कुत्र्यांत त्या कितीतरी जास्त आढळतात, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. माणसाच्या वस्तीत, त्याच्या उरलेल्या अन्नावर जगता-जगता झालेला हा बदल आहे. तरीही केवळ भाकरी-दुधावर कुत्र्याची प्रथिनांची गरज भागत नाही.

मांजराची गोष्ट निराळी आहे. तिच्या स्वादुपिंडातील अमायलेज कुत्र्याच्या मानाने फार कमी असते आणि तिच्या यकृतालाही एकदम आलेली भरपूर शर्करा हाताळण्याची सवय नसते. मांजराला दूध-पोळीवर वाढवू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

सोयाबीन घरचेच आहे, ते कच्चे दळून कोंबड्यांना द्यावे का?

देऊ नये. मराठवाडा आणि विदर्भातील सोयाबीन पिकवणाऱ्या भागातून हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला घट्ट बांधून ठेवणारे निरोधक असतात. पिल्लाच्या आतड्यातील मोकळे ट्रिप्सिन त्यामुळे घटते. आतड्याचे अस्तर ही घट ओळखते आणि कोलेसिस्टोकायनिनची पातळी वाढते, आणि स्वादुपिंड अधिकाधिक विकरे तयार करत राहते. ही विकरे गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध असतात आणि निरोधकाला चिकटून ती विष्ठेवाटे वाया जातात. कोंबडीच्या खाद्यात मेथिओनिन या अशाच गंधकयुक्त अमिनो आम्लाची मुळातच टंचाई असते, आणि त्यातच ही गळती सुरू झाल्यामुळे पिल्लांची वाढ खुंटते. अशा पिल्लाचे शवविच्छेदन केले, तर आद्यांत्राच्या फासात (लांबट वळणात) असलेले स्वादुपिंड नेहमीपेक्षा मोठे झालेले दिसते. डुक्कर, वासरू आणि कुत्रा यांत ग्रंथी अशी वाढत नाही, परंतु डुकराच्या पिलांची आणि कोवळ्या वासरांची वाढ कच्च्या सोयाबीनने खुंटतेच.

उष्णतेने निरोधक निकामी होतो. कारखान्यातील सोयापेंड तेल काढल्यावर योग्य तापमानाला भाजलेली असते, म्हणून ती चालते. घरी भाजताना दाणा आतपर्यंत तापायला हवा, मात्र तो करपवला तर लायसिन हे अमिनो आम्ल पचण्याजोगे राहत नाही. प्रौढ गाई-म्हशींत कोटीपोटातील सूक्ष्मजीव निरोधकाचा बराचसा बंदोबस्त करतात, म्हणून त्यांना तो तितका बाधत नाही. याचा अर्थ शेजाऱ्याच्या म्हशीला चाललेले खाद्य आपल्या पिल्लांना चालेल, असा होत नाही.

नवजात वासराचे स्वादुपिंड जन्मतःच पूर्ण क्षमतेने काम करते का?

करत नाही आणि ते वासराच्या हिताचेच असते. चिकातील प्रतिपिंडे ही प्रथिनेच आहेत आणि ती न तुटता आतड्यातून रक्तात जायला हवीत. पहिल्या दिवशी वासराच्या पचनातील प्रथिने तोडणारी विकरे मर्यादित असतात, शिवाय चिकात ट्रिप्सिनचा निरोधकही असतो. प्रतिपिंडे शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत साधारण 24 तासांत संपते, म्हणून जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजावा.

अमायलेजही सुरुवातीला कमी असते आणि पुढील आठवड्यांत वाढते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुधाऐवजी पिठाची पेज पाजल्यास वासराला हगवण लागते, त्यामागे हे एक कारण असते.

आंत्रविषार या रोगाशी स्वादुपिंडाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दुहेरी आहे. शेळ्या-मेंढ्यांतील आंत्रविषार क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स जिवाणूच्या ड प्रकारामुळे होतो. कोवळा लुसलुशीत चारा किंवा धान्य एकदम जास्त खाल्ले, की न पचलेले पिष्ट आतड्यात उतरते आणि तेथे हा जिवाणू झपाट्याने वाढतो. त्याचे एप्सिलॉन विष प्रथम निष्क्रिय रूपात असते आणि स्वादुपिंडाकडून आलेले ट्रिप्सिनच त्याला सक्रिय करते. म्हणजे उत्तम खाणारे, धडधाकट आणि पचनशक्ती चांगली असलेले कोकरू अचानक दगावते.

याच जिवाणूच्या क प्रकाराचे बीटा विष मात्र ट्रिप्सिनमुळे नष्ट होते. त्यामुळे तो रोग मुख्यतः पहिल्या काही दिवसांतील कोकरांत आणि डुकराच्या पिलांत होतो, कारण त्या वयात ट्रिप्सिन कमी असते आणि चिकातील निरोधक ते आणखी दाबून ठेवतो. एकच विकर एका वयात राखण करते आणि दुसऱ्या वयात घात करते, ही गोष्ट मला या विषयातील सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. उपाय मात्र साधा आहे: पावसाळ्यापूर्वी लसीकरण, पहिल्यांदा टोचताना दुसरी मात्रा चुकवू नये, आणि चाऱ्यातील बदल हळूहळू करावा.

गाईला मधुमेह होतो का?

क्वचित. लाळ्या-खुरकूत रोगानंतर गाईंमध्ये मधुमेह झाल्याच्या नोंदी आहेत, कारण त्या विषाणूमुळे बेटांना इजा होऊ शकते, परंतु रोजच्या कामात असे जनावर दिसणे दुर्मीळच. निरोगी गाईच्या रक्तातील ग्लुकोज साधारण 45 ते 75 मिलिग्रॅम प्रतिडेसिलीटर इतकेच असते. माणसाचे आकडे डोक्यात ठेवून ते “कमी” समजू नये.

गाय आतड्यातून फारच थोडे ग्लुकोज शोषते. तिचे यकृत ते प्रामुख्याने कोटीपोटात तयार झालेल्या प्रोपिऑनिक आम्लापासून बनवते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी सुमारे 72 ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि कासेला ते उचलण्यासाठी इन्शुलिनची गरज पडत नाही. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत इन्शुलिनची पातळी उतरते, स्नायू व चरबी त्याला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत आणि शिल्लक ग्लुकोज कासेकडे वळते. ही शरीराने वासरासाठी केलेली व्यवस्था आहे. जास्त दूध देणाऱ्या गाईत तिचा ताण वाढला, की चरबी वेगाने वितळते आणि कितनबाधा (शरीरात कीटोन साचण्याचा आजार) होते. लघवीत कीटोन आढळले म्हणून अशा गाईला मधुमेही ठरवू नये.

कुत्र्याचा मधुमेह आणि मांजराचा मधुमेह यांत काय फरक आहे?

कुत्र्यात बहुधा बीटा पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे त्याला आयुष्यभर इन्शुलिन टोचावे लागते. गर्भाशय न काढलेल्या मादीत माजानंतरच्या काळात प्रोजेस्टेरॉन वाढते, त्याच्या प्रभावाने स्तनग्रंथीतून वाढ संप्रेरक स्रवते आणि ते इन्शुलिनला विरोध करते. अशा मादीत मधुमेहाच्या उपचाराबरोबरच गर्भाशय व अंडाशय काढण्याचा सल्ला दिला जातो. मधुमेही कुत्र्यांत मोतीबिंदू फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणात होतो.

मांजरात लठ्ठपणा आणि इन्शुलिनला कमी प्रतिसाद ही मुख्य कारणे असतात, आणि बेटांमध्ये अमायलॉइड या प्रथिनाचा साठा आढळतो. लवकर उपचार, वजन कमी करणे आणि कमी पिष्टाचा आहार यांमुळे काही मांजरांची इन्शुलिनची गरज संपतेसुद्धा. निदान करताना सावध राहावे, कारण दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर केवळ भीतीनेही 300 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. एका तपासणीवर विसंबण्याऐवजी मागील दोन-तीन आठवड्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या फ्रुक्टोसामिनची पातळी पाहावी.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात इन्शुलिनच्या कुप्या बहुधा प्रतिमिलिलीटर 40 युनिटांच्या, तर पेनमधील नळ्या 100 युनिटांच्या मिळतात. सिरिंज त्या-त्या ताकदीचीच वापरावी. अदलाबदल झाली, तर अडीचपट कमी किंवा जास्त मात्रा जाते आणि जास्त मात्रेने जनावर दगावू शकते. येथेच हेही सांगतो, की साखरमुक्त च्युइंगगममधील झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ कुत्र्याच्या पोटात गेला, तर त्याचे स्वादुपिंड एकदम इन्शुलिन ओतते आणि रक्तशर्करा धोकादायक पातळीला घसरते. लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे धावावे.

कुत्रा भरपूर खातो, तरी खंगत चालला आहे. हे स्वादुपिंडामुळे असू शकते का?

असू शकते, विशेषतः तो जर्मन शेफर्ड असेल तर. या जातीत रसस्रावी पेशी तरुणपणीच झिजतात आणि त्यामागे आनुवंशिक कल असतो. सुमारे 90 टक्के क्षमता गेल्यावरच लक्षणे दिसतात: अधाशी भूक, घटते वजन, ढीगभर फिकट व तेलकट विष्ठा, कधी स्वतःची विष्ठा खाणे. निदान उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील ट्रिप्सिनसदृश घटकाच्या तपासणीने होते. प्रत्येक जेवणात विकरांची भुकटी मिसळल्यास बहुतेक कुत्री पुन्हा भरतात.

ब12 जीवनसत्त्वाकडेही लक्ष द्यावे. ते शोषण्यासाठी लागणारा घटक माणसात जठर तयार करते, पण कुत्र्यात तो मुख्यतः आणि मांजरात केवळ स्वादुपिंडातूनच येतो. ग्रंथी निकामी झाली, की हे जीवनसत्त्वही कमी पडते आणि ते दिले नाही, तर विकरे देऊनही प्रकृती सुधारत नाही.

सणासुदीला तळलेले खाल्ल्यावर कुत्र्याला उलट्या का होतात?

एकदम जास्त चरबी खाल्ल्याने तीव्र स्वादुपिंडदाह उद्भवू शकतो. वारंवार उलट्या, खाण्यास नकार, पोटात तीव्र वेदना, आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलण्याचा पवित्रा ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय करत बसू नये. शिरेवाटे द्रव, वेदनाशामक आणि उलटी थांबवणारे औषध हे उपचाराचे आधार आहेत. कुत्र्याला कित्येक दिवस उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली असून उलट्या आटोक्यात येताच कमी चरबीचे अन्न सुरू केले जाते. मांजरात हाच आजार गुपचूप येतो: ते फक्त मलूल होते आणि खाणे सोडते, उलट्या होतीलच असे नाही.

कोंबडीचे स्वादुपिंड सस्तन प्राण्यांपेक्षा वेगळे असते का?

ते आद्यांत्राच्या लांब फासात दोन्ही बाजूंनी पसरलेले असते आणि त्याच्या बहुधा तीन नलिका फासाच्या शेवटी, पित्तनलिकांच्या शेजारी उघडतात. कोंबडीची रक्तशर्करा 200 मिलिग्रॅमच्या वरच असते आणि तिच्या शरीरात ग्लुकागॉनचा प्रभाव इन्शुलिनपेक्षा ठळक असतो.

इन्शुलिनच्या शोधात जनावरांचा वाटा नेमका कोणता?

1889 मध्ये स्ट्रासबर्ग येथे योसेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाल्याचे दाखवले. 1921 मध्ये टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्याच्या नलिका बांधल्या. त्यामुळे रसस्रावी पेशी झिजल्या, बेटे टिकली आणि विकरांपासून सुरक्षित राहिलेला अर्क मिळवता आला. पुढे त्यांनी कत्तलखान्यातून मिळणारे गर्भातील वासरांचे स्वादुपिंड वापरले, कारण गर्भावस्थेत बेटे आधी परिपक्व होतात आणि विकरे नंतर तयार होतात. 1980 च्या दशकात जनुकीय तंत्राने मानवी इन्शुलिन मिळू लागेपर्यंत, सहा दशके जगातील मधुमेही माणसे गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांवर जगली, याची जाणीव ठेवली पाहिजे. डुकराचे इन्शुलिन कुत्र्याच्या इन्शुलिनशी तंतोतंत जुळते, म्हणून कुत्र्यांसाठी ते आजही वापरले जाते. मांजराचे इन्शुलिन गाईच्या इन्शुलिनला जवळचे आहे.

मृत जनावराच्या स्वादुपिंडाचा नमुना कसा पाठवावा?

मृत्यूनंतर ग्रंथीतील विकरे लगेच तिच्यावर काम करू लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात काही तासांतच ऊतींची रचना ओळखेनाशी होते. शवविच्छेदनात पोट उघडताच हा नमुना घ्यावा. सुमारे अर्धा सेंटीमीटर जाडीचे तुकडे धारदार पात्याने कापावेत, ते दाबू नयेत आणि तुकड्यांच्या किमान दहापट 10 टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवावेत. उजव्या व डाव्या पाळीचे तुकडे वेगळ्या बाटल्यांत ठेवून त्यांवर जनावराची जात, वय, मृत्यूची वेळ आणि नमुना घेतल्याची वेळ लिहावी. मृत्यू आणि नमुना यांतील अंतर कळले नाही, तर दिसणारा नाश आजाराचा की मृत्यूनंतरचा, हे प्रयोगशाळेला ठरवता येत नाही.